आतली कडी

मोबाइल उलटे ठेवा बघू, डोळ्यांवर उजेड येतो. आणि हे गोष्ट म्हणून ऐकू नका. ज्याच्यावर गुदरलं तो माझ्या ओळखीचा. नाकावरचा हा चष्मासुद्धा त्याच्याच दुकानातला. आम्ही त्याला चष्मेवालाच म्हणायचो.

गेल्या जानेवारीतला दुसरा शनिवार. रात्री साडेआठच्या सुमारास चष्मेवाला आईवडिलांच्या घराच्या खिडक्या लावायला गेला. घर विकलं होतं, सकाळी नवे मालक किल्ल्या घ्यायला यायचे होते. पाच प्रशस्त खोल्या, मागचं दार उघडलं की समोर समुद्र. एजंट म्हणायचा, "साहेब, आपण समुद्र विकायचा. घर त्याच्यावर फुकट!" सामान केव्हाच हललं होतं. आत सुईसुद्धा राहिली नव्हती.

त्या घराची एक रीत होती. रात्री दार लावताना मोठ्यानं म्हणायचं, "सगळे आले!" मगच कडी. कड्या उंचावर. धाकट्या बहिणीचा हात पोचायचा नाही. मग ती आपलं निळं स्टूल ओढत आणायची आणि वर चढून ऐटीत ओरडायची. स्टुलाचा एक पाय मोडला होता, त्याला वडिलांनी पत्र्याची पट्टी ठोकली होती.

चष्मेवाला बारा वर्षांचा असताना तिनं त्याचा पतंग फाडला. हा चिडला. संध्याकाळी ती किनाऱ्यावर शिंपले वेचत होती, तेवढ्यात यानं "सगळे आले" म्हणून मागच्या दाराला कडी घातली. जरा जिरवावी, एवढंच मनात. तिनं दार वाजवलं. "दादा, उघड ना!" यानं रेडिओ मोठा केला. पुढच्या दाराशी यायचं तर खडकांवरून वळसा होता. आणि भरती चढत होती...

आईनं ते स्टूल त्याच आठवड्यात जाळलं. तिला बघवेना. कडी कुणी लावली हे कुणी विचारलं नाही, आणि यानं सांगितलं नाही. आई गेली तरी नाही. एकदा माझ्याजवळ मात्र ढसाढसा रडला. "काका, मीच मारलं तिला. घर विकलं की सुटेन बहुतेक." अरे, घर विकून असं कुणी सुटतं होय?

तर त्या रात्री. खिडक्या लावून झाल्या. शेवटी मागचं दार. बाहेर अंधार, समुद्र नुसता ऐकू येत होता. त्यानं दार ओढलं, कडी घातली. आणि जुनी सवय... तोंडून निघून गेलं.

"सगळे आले."

टकटक.

दाराच्या पार खालच्या बाजूला. लहान हाताची.

त्यानं श्वास रोखला. पुन्हा टकटक. मग काहीच नाही... मग...

"दादा..."

कडी काढायला वेळ तो किती लागतो रे? त्याचा हात वर गेला. कडीला लागला.

आणि खाली आला.

तो पळाला. पुढच्या दारानं बाहेर पडला, कुलूप घातलं आणि थेट घर गाठलं. रात्रभर स्वतःला शिव्या घालत बसला. दुसऱ्यांदा, अरे दुसऱ्यांदा तिला बाहेर ठेवली! उजाडताच परत गेला. या वेळी दार उघडायचंच, असं ठरवून.

पुढचं कुलूप काढलं. दार ढकललं.

हलेना.

आतून कडी होती.

तोवर नवे मालक आले. सुतार बोलावला. त्यानं फळी कापून आत हात घातला आणि कडी काढली. सगळे आत शिरले. घर रिकामं. खिडक्या बंद. मागच्या दाराची कडी यानं घातली तशीच.

चष्मेवाला मात्र उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. सुतार दाराआड वाकून काहीतरी बघत होता.

"साहेब, पोराबाळांचं काही विसरलंय वाटतं."

दाराआडून त्यानं ते बाहेर आणून ठेवलं. निळं स्टूल. एका पायाला पत्र्याची पट्टी.