डावीकडची

सासूबाईंना फोटो संध्याकाळच्या आत हवा होता. धंदा घरचा, म्हणून घाईही घरचीच. धाकटीचा नवरा लोकांच्या संगणकातल्या काळ्यापांढऱ्या फोटोंची निगेटिव्ह पारदर्शक फिल्मवर छापायचा, ती फिल्म चांदीचा लेप असलेल्या कागदावर ठेवून वरून उजेड पाडायचा आणि कागद रसायनात बुडवून जुन्या पद्धतीचा फोटो काढायचा. शंभर वर्षं टिकतो म्हणे. माणसं कुठे तेवढी टिकतात!

आजचा फोटो धाकटीच्याच लग्नातला. मधोमध सासूबाई, डावीकडे थोरली जाऊ, उजवीकडे नवी नवरी धाकटी. दोघी सुनांना एकाच ताग्यातलं कापड. लग्नानंतर दोनच महिन्यांनी थोरली गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत सापडली. घरात त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे. सासूबाई मुलाला एवढंच म्हणाल्या, "तिला काढून टाक रे त्यातून." त्याने काढली. पडद्यावर तिच्या जागी भिंत आलेली धाकटीने स्वतः पाहिली होती. फिल्म बायकोच्या हातात देऊन तो फ्रेम आणायला गेला.

"कागद एकच उरलाय," सासूबाई दाराबाहेरून म्हणाल्या. "वाया घालवलास, तर तुलाही काढायला त्याला वेळ लागायचा नाही. ऐकलंस ना?"

"हो, आई."

न्हाणीघराचीच अंधारखोली केलेली. लाल दिवा, ओल्या भिंतींचा वास. तिने घाईघाईने फिल्म ठेवली, सेकंद मोजले, कागद ट्रेमध्ये सोडला. आधी सासूबाईंचे डोळे उमटले. रसायनातही मान त्यांचाच. मग एका बाजूला एक बाई. आणि दुसऱ्या बाजूला... दुसरी.

भिंत कुठे गेली? चेहऱ्यांकडे बघायची छाती होईना.

"झालं का गं?"

"होतंय... होतंय, आई."

मान वळवूनच तिने फोटो हायपोच्या द्रावणात पक्का केला, धुतला, पांढरा दिवा लावला. सासूबाईंना फोटो तपकिरी हवा होता. त्यासाठी रसायनांची दोन पाणी लागतात. पहिलं चित्र पुसून टाकतं, दुसरं ते तपकिरी करून परत आणतं. पहिल्या पाण्यात चेहरे विरले, उरल्या तीन पिवळट सावल्या. आता सावलीवर हायपो फिरवला, की दुसऱ्या पाण्यातही ती माघारी येत नाही. डाग पडतो, पण डाग ब्रशने भरता येतो.

या घरात 'जेवलीस का' असं विचारणारी एकटी थोरलीच होती. धाकटीला ते आठवलं. चांगलं आठवलं. तरी तिने कापूस हायपोत बुडवला.

"माफ करा, जाऊबाई... पण इथे दोघींना जागा पुरायची नाही."

तिने डावीकडची सावली पुसायला घेतली. कागदाखालून बुडबुडे आले, कुणीतरी पाण्याखाली श्वास सोडावा तसे. तिने आणखी दाबलं. बुडबुडे थांबेपर्यंत दाबून धरलं.

मग दुसरं पाणी. सडक्या अंड्यांची घाण सुटली आणि सासूबाई तपकिरी होऊन परत आल्या. पण नेहमी डाव्या हातात असणारं त्यांचं घड्याळ उजव्या मनगटावर! घाईत फिल्म उलटी ठेवली गेली होती. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे.

उजवीकडे थोरली सावकाश उमटली, केस गालांना चिकटलेले. डावीकडे पांढरा डागसुद्धा नव्हता. नुसती भिंत, स्वच्छ.

दार उघडलं. सासूबाईंनी फोटो उचलून उजेडात धरला.

"आई, मी... चुकून..."

त्यांनी मान वर केली नाही. "जमलाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि बाहेर जाता जाता त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली, "थोरले, इथला दिवा घालव गं. कुणी नाहीये आत."

"आले, आई..."

ओली पावलं दारापर्यंत आली. दिवा गेला. बाहेरून कडी लागली.

पावलं मात्र आत चालत होती.