आज हात कुठवर?

पावसाची भुरभुर चालली होती आणि पडद्यांच्या दुकानाच्या दारात ती रेनकोटशी झगडत होती. उजवी बाही चढली होती, डावी पाठीमागे कुठेतरी लोंबत होती. मागून कुणीतरी ती बाही अलगद धरली आणि तिचा डावा हात त्यात घालायला जरासा मागे ओढला...

ती कळवळली. बाही धरणारा उंच तरुण दचकून मागे सरकला. काही चुकलं का, म्हणाला.

"दुखरा हात आधी घालायचा असतो," ती दात आवळून म्हणाली. "घाईत मीच विसरले, तुम्हाला काय बोलू?"

त्याने रेनकोट पुन्हा उतरवला, आणि झोपलेल्या बाळाला झबलं घालावं तसा दुखऱ्या बाजूने चढवला. बटणं तिने स्वतः लावली, पण जरा सावकाशच.

दुसऱ्या दिवशी कामावर येऊन पाहते, तर तोच उंच माणूस तिच्या शिडीवर.

आता त्या खांद्याची कहाणी ऐका. पहिल्यांदा तो निखळला पोहताना. मग बॅग ओढताना, मग झोपेत कूस बदलताना. शेवटी ऑपरेशन झालं, व्रणही भरला, पण ठणका जाईना. हात वर उचलला की सांधा आता निसटेल असं वाटून ती तो अर्ध्यातूनच खाली घेई. आई म्हणे, मनातली भीती आहे. भाऊ म्हणे, पुरे झाले आता लाड. देवाने दुखणं द्यावं तर दिसणारं तरी द्यावं. न दिसणाऱ्या दुखण्याला साक्षीदार कुठून आणायचा?

दुकान मावशीचं. पडदे मोजणारी, शिवणारी आणि शिडीवर चढून टांगणारी हीच. हिचा हात बरा होईपर्यंत म्हणून मावशीने त्याला ठेवलं होतं आणि पहिल्याच दिवशी त्याचं 'लंबू' असं बारसंही केलं होतं. तिला राग आला का? यायला हवा होता. पण जड पडदा एकट्याने टांगता येत नाही. एकजण वर हूक अडकवतो, दुसरा खाली कापडाचा भार अंगावर घेऊन उभा राहतो, नाहीतर ओढ बसून शिवण उसवते. ती धडक्या खांद्यावर भार घेई. तोंड चुण्यांत लपलेलं... आणि तोंड लपलं की माणसाला वाचा फुटते. ती खांद्याविषयी बोले, तो ऐके, आणि भीती मनातली आहे असं त्याने एकदाही म्हटलं नाही.

रोज सकाळी त्याचा एकच प्रश्न. "आज हात कुठवर?"

कधी हनुवटीपर्यंत, कधी कानापर्यंत. पाऊस असला की पुन्हा खाली. माझ्या डोक्यापर्यंत पोचला की सांग, असं तो एकदा म्हणाला.

"तेवढा तर धडका हातही पोचत नाही. तुला देवाने शिडीसकट जन्माला घातलंय."

तो हसला की वर दांडीतल्या कड्या किणकिणत. सुट्टीच्या दिवशी घरात बसल्या बसल्या तिला तो आवाज ऐकू येई, आणि सुट्टी संपता संपेना.

मग एकदा मावशीने सहज सांगितलं. "अगं ठकी, तुझ्या हातामुळे लंबूचं काम खोळंबलंय. दुसऱ्या गावच्या नाट्यगृहाचे पडदे त्याला करायचेत. हात कधी बरा होणार, म्हणून माझ्याही मागे लागलेला असतो."

म्हणजे रोजच्या प्रश्नाचा अर्थ हा होता तर. तिच्या काळजात लक्क झालं. पण दयेच्या जोरावर त्याला धरून ठेवणारी ती नव्हती. दुसऱ्या सकाळी त्याने विचारताच म्हणाली, "पार वरपर्यंत. बरा झाला." तो गडबडला, मोजपट्टी उगाचच गुंडाळत राहिला. बरं, एवढंच म्हणाला.

त्या दिवशी काम संगीतशाळेत होतं, भिंतभर खिडकी. ती हट्टाने शिडीवर चढली. तो खाली, कापडात बुडालेला. सुरुवातीचे हूक लागले. पुढच्यासाठी हात ताणला आणि सांधा कातडीखाली सरकला... आणि परत आला. डोळ्यांपुढे अंधारी. उजव्या हाताने तिने शिडी घट्ट धरली.

"भार हलका होईना," खालून आवाज आला. "थांबलीस का?"

"नाही झाला बरा. खोटं बोलले." तिने कपाळ शिडीला टेकवलं. "पुरता कधी होईल, ठाऊक नाही. माझ्यामुळे तू अडकून पडू नयेस म्हणून..."

कापड जरासुद्धा हललं नाही.

"मी रोज का विचारायचो, सांग बघू?"

"जायचं होतं म्हणून."

"तुला मागणी घालायची होती म्हणून. तू पुन्हा शिडीवर चढलीस, माझ्यावाचून तुझं काही अडेनासं झालं, की मग विचारणार होतो. उपकारापोटी हो म्हणशील, याची धास्ती होती."

"आणि बरा झालाच नाही तर?"

"तर आत्ताच विचारतो. करशील लग्न माझ्याशी?"

वरून ती म्हणाली, "आधी खाली उतरव. इथून हो म्हटलं, तर जन्मभर म्हणशील, घाबरून म्हणाली."

तिच्या खांद्याला स्पर्श होऊ न देता, पाठीला आधार देत त्याने तिला एकेक पायरी उतरवलं. शिवणकामातून उरलेल्या कापडाची झोळी करून तिचा दुखरा हात गळ्यात बांधला. पाय जमिनीला लागल्यावर, नीट श्वास घेऊन, ती हो म्हणाली. आणि लगेच म्हणाली, की नाट्यगृहाचं काम सोडायचं नाही. ती उद्याच डॉक्टरांकडे जाणार होती; आज सांधा सरकला, पुन्हा तपासा, असं ठणकावून सांगणार होती.

"तिकडे खाली भार कोण धरेल?" त्याने विचारलं.

"बघ कुणीतरी. म्हातारा बघ."

संगीतशाळेच्या खिडकीला त्या दिवशी अर्धाच पडदा लागला. मावशी काय बोलेल ते बोलो. उघड्या अर्ध्यातून ती पाहत राहिली. भुरभुरीत शिडी खांद्यावर घेऊन तो नाट्यगृहाच्या कामाला चालला होता, वळून बघत, ठेचकाळत. निरोपाला तिने उजवा हात उंच केला. डावा झोळीत निवांत होता, आणि तो वळणाआड गेल्यावरही तिचा उजवा हात खाली येईना.