बाकीची मुलं

ईशानी जेवायची नाही. सहा वर्षांची पोर, वजन सतरा किलो दोनशे. वरणभाताचे चार घास, आणि त्यालाही पाऊण तास. शाळेच्या नर्सची चिठ्ठी दर महिन्याला यायची. मी फार्मसी शिकलेली बाई, जगाला डोस सांगायची, आणि ती चिठ्ठी मुकाट्याने फ्रिजवर लावायची.

शारजात आमचं घर बाराव्या मजल्यावर. सुजीतचं, माझ्या नवऱ्याचं, ऑफिस दुबईत. सकाळी सहाला जातो, ट्रॅफिकमधून रात्री आठला उगवतो. दिवसभर घरात मी, ईशानी आणि सात महिन्यांचा वेदांग.

इथल्या मराठी मंडळाची मुलांची नाटकं राजाभाऊ बसवतात. यंदा त्यांनी एका जुन्या इंग्रजी सिनेमाची गाणी मराठीत आणायचं ठरवलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली कादंबरी, तिच्यावर साठीच्या दशकात निघालेला गाण्यांचा सिनेमा. मुलांना तो आधी दाखवला. अनाथालयाचा लांबलचक हॉल, बाकांवर रांगेनं मुलं, प्रत्येकापुढे पातळ पेजेचं एक भांडं. इतकी भुकेली मुलं इतकं गोड गातात, हे बघून मला तेव्हाच कसंसं झालं. त्यातला एक मुलगा सुटतो, बरंच सोसतो, शेवटी श्रीमंत घरी जातो. संपलं.

परतताना गाडीत ईशानी म्हणाली, “बट व्हॉट अबाउट द अदर्स?”

“कोण गं अदर्स?”

“इन द हॉल. नोबडी वेंट बॅक फॉर देम.”

वेदांग मांडीवर रडत होता. मी तिच्याकडे न बघताच बोलून गेले, “मी देईन त्यांना जेवायला. सगळ्यांना. तू आधी तुझा डबा संपव.”

ती सीटला टेकून बसली. समाधान झाल्यासारखी.

हॉलचे माइक धड नसतात म्हणून राजाभाऊ गाणी आधीच रेकॉर्ड करून घेतात. प्रत्येक मुलानं घरी एकट्यानं गायचं, आईनं फोनवर टिपून पाठवायचं, मग ते सगळे आवाज एकत्र जोडतात. एसीची घरघर चालत नाही. सप्टेंबरात एसी बंद करून आम्ही दोघी तिच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात बसलो, दुलयांच्या मधे, दार ओढून. दीड मिनिटाचं गाणं. तेवढ्यात माझा कुर्ता पाठीला चिकटला. ईशानी छान गायली. बाहेर आली ती लालबुंद होऊन, आणि म्हणाली, “आयॅम हंग्री.”

मला रडूच आलं. खोटं कशाला सांगू.

त्या दिवसापासून ती तीन-तीनदा भात मागायला लागली. ताट घेऊन आपल्या खोलीत जायची. मी म्हटलं, जेवते आहे ना, मग बसू दे कुठेही. ताट परत यायचं ते धुतल्यासारखं, शीतसुद्धा नाही. त्या रिकाम्या ताटांचे फोटो मी सुजीतला पाठवायची. तो ऑफिसातून हृदयं पाठवायचा.

पंधरा दिवसांनी राजाभाऊंचा फोन आला. फार खूश होते. बाकी कोणाच्या फाइल्स लागल्याच नाहीत म्हणाले, ईशानीच्या एकीवर काम झालं.

“पण वहिनी, मी एकटीचा आवाज मागितला होता. तीस-पस्तीस मुलं जमवलीत कुठून?”

मी हसले. कुणाची तरी फाइल अदलाबदल झाली असणार. दुपारी वेदांगला पाजताना कानात हेडफोन घालून ऐकलं. पहिली ओळ ईशानीची. दुसऱ्या ओळीपासून बाकीचे. प्रतिध्वनी नव्हता तो. प्रत्येक ओळीआधी श्वास घेतलेले ऐकू येत होते, एकाचं नाक चोंदलेलं होतं. गाणं संपलं, आणि मी स्टॉप दाबायच्या आधीच्या दोन सेकंदांत चमचे खरवडल्याचा आवाज आला. रिकाम्या भांड्यांत.

शब्द मराठी होते. राजाभाऊंनी रेकॉर्डिंगच्याच आठवड्यात लिहिलेले.

नर्सची पुढची चिठ्ठी आली. पंधरा किलो नऊशे.

रक्त, शुगर, थायरॉइड, जंत, सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर खतीजांनी विचारलं, बच्ची खाती है? मी सांगितलं, पहिल्याच्या तिप्पट. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्या आईकडे बघतात तसं.

शुक्रवारी शारजातल्या शाळा बंद असतात. दुपारची वेळ, खालच्या मशिदीत खुतबा, शुक्रवारचं प्रवचन, चाललेला, रस्ता सामसूम. ईशानी ताट घेऊन गेली, आणि या वेळी मी मागोमाग गेले.

कपाटाचं दार वीतभर उघडं होतं. ताट आत, जमिनीवर. ती बाहेर, गुडघ्यांवर, हात मांडीवर ठेवून.

भात कमी होत होता. चारी बाजूंनी, एकाच वेळी, शिस्तीत. ईशानीचं तोंड हलत नव्हतं.

“दे गो फर्स्ट, मम्मा. यू टोल्ड देम यू वुड फीड देम.”

“आणि तुला? तुला उरतं का काही?”

तिनं मान हलवली. नाही.

त्या संध्याकाळी सुजीतनं कपाट रिकामं केलं. दुलया काढल्या, मागची भिंत ठोकून पाहिली, कुलूप घातलं. मी ईशानीचं नाव नाटकातून काढलं, फाइल पुसायला लावली.

ईशानीनं तोंड मिटलं. तीन दिवस नुसतं पाणी. चौथ्या दिवशी सलाइन. क्लिनिकमधल्या पलंगावर तिचा हात चादरीइतका पातळ दिसत होता. मी चमचा पुढे केला तर म्हणाली, “हाऊ कॅन आय?”

चौदा किलो सातशे.

घरी आलो आणि मी कुलूप काढलं.

बिर्याणीचं मोठं पातेलं काढलं. ते भरून गुरगुट्या भात केला, वर तूप, मेतकूट. पातेलं कपाटात ठेवलं, दार लावलं, मागे वळून पाहिलं नाही. अर्ध्या तासानं ते लख्ख होतं. ईशानी टेबलावर येऊन बसली, आणि जेवली. स्वतः. माझ्या डोळ्यांदेखत.

पंधरा किलो तीनशे.

सुजीत आता दर गुरुवारी येताना तांदळाची गोण आणतो.

परवा शुक्रवारी ईशानीनं घास हातात धरून ठेवला.

“देअर्स अ न्यू वन. शी कान्ट डू राइस.”

“का गं?”

“शी इज टू स्मॉल.”

तिनं घास परत ताटात ठेवला. मी वेदांगकडे पाहिलं. तो पोटभर पिऊन झोपला होता. एका बाजूचं दूध शिल्लक होतं.

मी आत गेले. दार ओढून घेतलं. खाली बसले, गुंड्या काढल्या.

आत गार होतं.

मांडीवर वजन आलं. हलकं, वेदांग जन्मला तेव्हाइतकं. मी हात फिरवला. केस होते, ओलसर. छातीला नीट लागलं ते, घाई नाही, एका लयीत. मी बहुतेक काहीतरी गुणगुणत होते.

बाहेर ईशानीचा चमचा ताटावर वाजायला लागला.

संध्याकाळी आंघोळीला गेले तेव्हा आरशात पाहिलं. छातीवर खुणा होत्या. वर सहा, खाली सहा.

वेदांगला अजून एकही दात आलेला नाही.