बायजाबाईने वाटलेली साखर

वाटीभर साखर घेऊन बायजाबाई वस्तीत दारोदार फिरत होती, आणि तिची सून सरिता आपल्या चुलीपुढे बसून त्या साखरेचं कारण ऐकत होती.

"घे वो, तोंड गोड कर! माह्या अंकुशले सरकारनं शहाणा ठरवलं! मोठ्या डाक्टरायनं लिवून देलं, याले काईच नाई झालं म्हून!"

सासूचा तो आनंदाने चिरकलेला आवाज... आणि सुनेच्या मांडीवर पडलेला तो नकाराचा कागद! सरितेच्या नवऱ्याला मानसिक आजाराचं अपंगत्व प्रमाणपत्र मिळणार नव्हतं. चाळीस टक्क्यांच्या खाली निराधार अनुदान नाही, आणि डॉक्टरांच्या बोर्डाने अंकुशला त्याहून बरंच कमी मोजलं होतं. कारणही लिहिलं होतं... रुग्ण स्वच्छ व नीटनेटका आहे, स्वतःची कामे स्वतः करतो असे त्याच्या आईने सांगितले. नवऱ्याला शहाणा म्हटल्याचं दुःख करणारी बायको या जगात आणखी कोणी असेल का? सरितेला हसावं की रडावं ते कळेना.

भिंतीला टेकून अंकुश बसला होता. कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. त्या कोपऱ्यात कोणीच नव्हतं.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी सरिता तिरोड्याकडून लग्न होऊन इकडे आली होती. "मी आली आन माहेर दुसऱ्या जिल्ह्यात पळून गेलं," अशी थट्टा ती तेव्हा करायची. तेव्हा थट्टा करण्यासारखे दिवस होते! अंकुश तुमसरच्या एका राईस मिलमध्ये वजनकाट्यावर कामाला होता. पौर्णिमेला विहारात वंदना सुरू झाली की त्याचा भरदार आवाज सगळ्यांच्या वर ऐकू यायचा आणि बायकांच्या रांगेत बसलेली सरिता अभिमानाने मान खाली घालायची. मग एके दिवशी तो मिलमधून भेदरून घरी आला. चहात कोणीतरी काहीतरी कालवलं, म्हणाला... आणि तो परत कामावर गेलाच नाही. घरात पाळणा हलायच्या आधीच हे झालं. भाऊ न्यायला आला, "अजून वय हाय तुहं, चाल," म्हणाला. सरितेने त्याला पोटभर जेवू घातलं आणि एकटाच परत पाठवला.

बायजाबाईने मात्र त्या दिवसापासून एकच धोशा लावला होता... माह्या घरात पागल नाई! धाकट्या धर्मेंद्रकडे, मधल्या भिंतीपलीकडे ती राहायची, पण थोरल्याच्या उंबऱ्यात पाय ठेवायची नाही. लेकाजवळ राखण बसायचं म्हणजे तो आजारी असल्याचं कबूल करायचं, आणि ते ती माउली मेली तरी करणार नव्हती.

खरं सांगायचं तर त्या नकारात सरितेचाही हात होता. तिचे सासरे मंगरू छप्पन साली पोरसवदा वयात बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेले. त्यांनी घराला एक नियम घालून दिला होता. सरकारी माणसापुढे उभं राहायचं तर धुतल्या कपड्यात! आपल्या लोकांना घाण म्हणायची सवय झालेल्या जगाला आपली मळकी कॉलर दिसता कामा नये. मंगरू गेले, नियम राहिला. म्हणून बोर्डाच्या दिवशी सरितेने अंकुशला चोळून आंघोळ घातली, दाढी केली, डोक्याला तेल लावलं आणि पौर्णिमेचा पांढराशुभ्र, इस्त्रीचा सदरा अंगात घातला. नवरदेवासारखा दिसत होता तो! आणि "आंघोळ कोण घालतं यांना?" असं डॉक्टरांनी विचारताच, सरितेचं तोंड उघडायच्या आत बायजाबाई कडाडली होती, "आपल्या हातानं करते तो! नांगर धरते! काई बिमारी नाई त्याले!" परक्यांपुढे म्हातारीला खोटं कसं पाडायचं? सरिता गप्प बसली होती.

पण आज ती गप्प बसणार नव्हती. बायजाबाई अंगणात परत आली तशी ती उठली आणि दारात गेली.

"आत्याबाई, वाटून झाली असन तर चिमूटभर साखर मलेई द्या."

"तुले काहून कडू लागून राहिली वो? पैशासाठी नवऱ्याच्या कपाळावर पागल लिवून घ्याले निघाली होती तू! झाली ना फजिती?"

"पैशासाठी?" सरितेने मान खाली घातली नाही. "मी धानाच्या रोवणीले जातो तवा बाहेरून कुलूप लावतो दाराले. गुरालेई कोनी असं कोंडत नाई, आत्याबाई! आतमंधून दार ठोकून ठोकून हातातून रक्त काढतेत हे. अनुदान भेटलं तर मी घरी राहीन यायच्याजवळ... येवढंच मांगून राहिली मी!"

बायजाबाई पदराखाली वाटी झाकून घरात निघून गेली.

कागदाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की निर्णय मान्य नसेल तर वरच्या बोर्डाकडे अपील करता येईल. सरिता दहावी शिकलेली. दुसऱ्या दिवशी चिखलाचे पाय धुऊन ती अंगणात बसली आणि तिने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. 'माझे पती शहाणे असते तर माझ्याइतका आनंद कोणालाच झाला नसता,' हे वाक्य लिहिताना मात्र तिचे डोळे भरून आले... तरी तिने अक्षर बिघडू दिलं नाही.

अपिलाची तारीख आली. आदल्या दिवशी दुपारी धर्मेंद्र एका माणसाला घेऊन आला. तहसीलबाहेर बसून लोकांचे अर्ज भरणारा केवळराम. माणूस वाईट नव्हता, व्यवहारी होता.

"बाई, मागच्या वेळी तुमीच चूक केली," केवळराम खाटेवर टेकत म्हणाला. "पांढरा सदरा घालून कोनी अपंगत्व मांगते काय? आजपासून गोळ्या बंद करा. आंघोळ नोको, दाढी नोको. फाटकी लुंगी नेसवा, तोंडाले माती लावा. तिथं चिल्लावला का काम पक्कं!"

"वहिनी, एका दिवसाचा तं सवाल हाय," धर्मेंद्र म्हणाला. "उद्या सांजच्याले घाला ना आंघोळ. काय जाते आपलं?"

सरिता चुलीपुढून उठली. क्षणभर तिच्या मनात आलं... खरंच, काय जातं? एक दिवस! नंतर कुलूप नाही, ठोकणं नाही, शेतात वाकल्या वाकल्या तो जीवघेणा घोर नाही... तिने अंकुशकडे पाहिलं. तो आपल्या हाताच्या बोटांकडे बघत शांत बसला होता. त्याच्याबद्दल कोण काय ठरवतंय याची त्या जिवाला कल्पनाही नव्हती.

"जाते, भाऊजी! लय जाते!" सरिता अशी काही बोलली की केवळराम खाटेवरून उठून उभा राहिला. "यायची इज्जत यायले सांभाळता येत नाई, म्हून ती माह्याजवळ ठेवाले देल्ली हाय. ती मी चार डाक्टरायपुढं मातीत लोळवू? गोळ्या बंद करून यायचा जीव जाळू? माह्या नवऱ्याले घाण करून भेटनारा कागद मले नाई पाह्यजे! कुलूप लावन, रोवणी करन, मरन... पन उद्या हे धुतल्या सदऱ्यातच जातीन!"

केवळराम निघून गेला. धर्मेंद्र खाली मान घालून उभा राहिला. आणि भिंतीपलीकडे सुपात धान पाखडण्याचा आवाज जो थांबला, तो पुन्हा सुरू झाला नाही.

सकाळी नाकाडोंगरीकडून येणाऱ्या एसटीसाठी सरिता अंकुशचा हात धरून फाट्यावर आली, तर तिथे पांढरं लुगडं नेसून बायजाबाई आधीच उभी! पुन्हा? पुन्हा ही माय सगळं मातीत घालणार?

"मलेई संगं याचं हाय," म्हातारी एवढंच म्हणाली. तुमसरला गाडी बदलली, जिल्ह्याचं गाव आलं, तरी ती खिडकीतून बाहेरच बघत बसली.

बोर्डाच्या खोलीत मोठ्या वयाच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी जुने कागद वाचले आणि समोरच्या स्वच्छ, भांग पाडलेल्या माणसाकडे पाहिलं.

"सरिताबाई, तुम्ही अर्जात लिहिता यांना काहीच जमत नाही. पण मला तर हे अगदी व्यवस्थित दिसतायत."

"ते मी केलं, मॅडम. सगळं मी करतो."

"असं सगळेच सांगतात हो. मागच्या वेळी यांची आई वेगळंच बोलली होती." बाईंच्या बोलण्यात राग नव्हता, पण उपायही नव्हता. त्या अंकुशकडे वळल्या. "अंकुशराव, तुम्हाला आंघोळ कोण घालतं?"

अंकुशने बराच वेळ विचार केला. मग हात उचलून त्याने सरितेकडे बोट दाखवलं.

"माय," तो म्हणाला.

"आणि जेवू कोण घालतं?"

"माय." पुन्हा तेच बोट, पुन्हा तिच्याकडेच!

सरितेने डोळे मिटून घेतले. ज्याच्यासाठी माहेर परत पाठवलं, तारुण्य चुलीत घातलं, त्याच्या मनात आपण बायको म्हणून उरलोच नाही... तो सल तिला ठाऊक होता, पण चारचौघांत तो असा उघडा पडेल असं तिला वाटलं नव्हतं. तेवढ्यात मागून एक हुंदका फुटला. बायजाबाई भिंतीचा आधार घेत उठली होती.

"बाई, मी याची माय होय! मी! नऊ महिने मी वागवलं याले... पन पोरगं खोटं बोलून नाई राहिलं. खोटं मी बोलली! मागच्या खेपेले असंच डाक्टरायपुढं बसून मी खोटं बोलली!"

"आत्याबाई..." सरिता पुढे झाली.

"थांब, बोलू दे मले! भिंतीच्या फटीतून सगळं पायलं मी. अन्नात जहर हाय म्हून हा घास घेत नाई, तं ही पहिला घास आपण खाते आन मंग त्याले भरवते... रोज! याच्या सदऱ्याची बटनं ही लावते. रातच्यान हा उठून बाहेर पयते, तं ही आपल्या पदराची गाठ याच्या हाताले बांधून निजते. कुलूप लावून ही रोवणीले गेली का हा दार ठोके... आन मी भिंतीले कान लावून इकडून रडो, पन उठून गेली नाई! काहून? लोक म्हनतीन, बायजाचा पोरगा पागल! त्या एका शब्दाले भेऊन मी माह्या लेकराले एकटं मरू देलं, बाई... आन परक्याच्या पोरीनं त्याले जगवलं!"

अंकुश उठला, आईच्या डोळ्यांतून वाहणाऱ्या पाण्याकडे त्याने नवलाने पाहिलं आणि आपल्या बाहीने ते पुसायला लागला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "आजी, बसा," त्या हळूच म्हणाल्या. "आम्हाला हेच मोजायचं असतं... मदत काढून घेतली तर माणसाचं काय होईल. मागच्या वेळी बोर्डाने सरिताबाईंचे कष्ट मोजले आणि ते यांच्या नावावर लिहिले." मग त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले, एकेक गोष्ट सावकाश लिहून घेतली, दुसऱ्या डॉक्टरांशी बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "कागद घरी येईल. पण आजच सांगते, तुमचं अपील मंजूर आहे. अनुदानाला लागतं त्याहून जास्तच आहे हे." आणि अंकुशकडे बघून म्हणाल्या, "सदरा छान आहे हं!"

बाहेर व्हरांड्यात येताच सरितेला रडू फुटलं. इतक्या वर्षांत न रडलेलं सगळं एकदम दाटून आलं. बायजाबाईने तिचं डोकं आपल्या छातीशी ओढून घेतलं.

"त्यानं तुले माय म्हनलं म्हून रडतं काय वो?"

"नाई, आत्याबाई... तुमी खरं बोलल्या म्हून."

"पोरी, पैसा यायचा तवा येईन. उद्यापासून त्या दाराले कुलूप नाई. तू रोवणीले जाय नाईतं घरी राय, मी बसन त्याच्याजवळ. माय होय मी त्याची!" मग थांबून, जड आवाजात म्हणाली, "माफ करशीन काय मले?"

सरिता वाकली आणि तिने सासूच्या पायांवर हात ठेवले. म्हातारीने ते तिथे राहू दिले नाहीत, वरच्या वर धरले.

परतीच्या गाडीत खच्चून गर्दी होती. वस्तीतली रुखमा पुढच्या बाकावरून मागे वळली. धुतल्या कपड्यांतली तिघं पाहून तिच्या जिभेला खाज सुटली नसती तरच नवल! "काहो बायजाबाई, नटूनथटून कुठं गेलते सारे?"

सरितेचं मन नकळत आक्रसलं. आता म्हातारी म्हणेल लग्नाला, म्हणेल पाहुण्यांकडे... आजवर असंच तर चालत आलं होतं.

बायजाबाई सीटवरून उठून उभी राहिली. एका हाताने वरचा दांडा धरला, दुसरा हात अंकुशच्या खांद्यावर ठेवला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"माह्या पोराले डोक्याची बिमारी हाय, रुखमा! त्याचा हक्क मांगाले गेलतो. सरकारनं एक डाव नाई म्हनलं होतं, पन ही माही सून मागं नाई सरली. नीट पाहून घे तिले... ही सरिता, अंकुशची बायको!"