मागच्या खोलीचा फ्यूज

बसा. बिल घेऊन आलात ते बरं केलंत. वरच्या मजल्यावर येऊन तीन महिने झाले तुम्हाला, पण जिन्यात मान हलवण्यापलीकडे आपलं बोलणं नाही. बघू... युनिट दुपटीहून जास्त दिसतायत. उपाय सोपा आहे, सांगतो. पण मघाशी दारात तुम्ही म्हणालात, "हे आमच्या आईचंच काम. दिवसभर घरात तीच असते." हे वाक्य आईसमोर अजून बोलला नाहीत ना? मग आधी माझं ऐका. सांगताना मला लाज वाटते. वाटू दे.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. फळ्यावर बॅटरी, तार, बल्ब काढून प्रवाह कुठून कुठे जातो ते पोरांकडून घोकून घेतलं. दोन वर्षांपूर्वी ऐन थंडीत माझं बिल तिप्पट आलं, तेव्हा मी काय केलं असेल? मीटर तपासला? छे. तरातरा मागच्या खोलीत गेलो. तिथे आत्या राहायची. मी चार वर्षांचा असताना आई गेली. मला वाढवलं ते आत्याने. हातावर हात ठेवून अक्षरं गिरवून घेतली. त्या खोलीला ऊन म्हणून नव्हतं आणि तिला थंडी सोसायची नाही. संध्याकाळी घटकाभर छोटा हीटर लावून ती हात शेकायची.

"वीज काय फुकट येते?" बायको-मुलीच्या देखत मी विचारलं.

"मी नाही रे लावला... आज तर नाहीच लावला."

"मग काय भुतं लावतात?"

हो, हेच शब्द. माझी जीभ कशी झडली नाही, कोण जाणे.

मुलगी म्हणाली, "बाबा, आधी वायरमनला तरी बोलवा." तिलाही मी गप्प केलं. बोर्डावरून मागच्या खोलीचा फ्यूज ओढून काढला, माझ्या टेबलाच्या खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवसापासून सहा वाजले की आत्या अंधारात शाल लपेटून पलंगावर बसून राहायची. बायको बोलवायला गेली तर म्हणायची, "नको गं, तिथला दिवा माझ्यापायी जळायला नको." मला ते ऐकू यायचं. मी वर्तमानपत्र वाचत असायचो.

तिसऱ्या आठवड्यात ती गेली. डॉक्टर म्हणाले, छाती भरली होती, वयही झालं होतं. वय झालं होतं, एवढंच मी सगळ्यांना सांगत सुटलो.

मग पुढचं बिल आलं. तेवढंच.

तेव्हा कुठे मी वायरमनला बोलावलं. त्याने घरातली एकूण एक बटणं बंद करायला लावली आणि मीटरवरचा लाल ठिपका दाखवला. सगळं बंद, तरी ठिपका लुकलुकत होता. त्याने एकेक फ्यूज काढत नेला. माझ्या न्हाणीघराचा काढला आणि ठिपका थांबला. गीझरचं बटण आतून चिकटलं होतं; बंद केलं तरी गीझर रात्रंदिवस चालू. बटणावरचा बारका दिवा वर्षापूर्वीच गेला होता, आणि पाणी तापतंय ना, मग दिवा कशाला, म्हणून मीच तो बदलू दिला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवाच नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि चोर रोज सकाळी मलाच अंघोळ घालत होता.

त्या संध्याकाळी मी खण उघडला आणि फ्यूज जागेवर बसवला. मागच्या खोलीत दिवा लावला, हीटर लावला. कुणासाठी, ते विचारू नका. दारातून बाहेर पडतो तोच मागे आवाज झाला... टक्. खोलीत काळोख. परत लावला. वळलो. टक्.

वायरमनने दोनदा बटण बदललं. "साहेब, ह्यात काही दोष नाही," म्हणाला. तिसऱ्यांदा बोलावलं तर आलाच नाही.

मग एके दिवशी ठरवलं, काय ते बघायचंच. सहाला आत गेलो. आत्याला जाऊन महिना उलटला होता, तरी तिच्या बामचा वास ताजा होता. दिवा लावला आणि बटणावरचं बोट काढलंच नाही, दाबून धरलं. स्वयंपाकघरातून फ्रिजची घरघर येत होती... ती थांबली. मग माझ्या हातावर एक हात आला. गारठलेला. ती पकड मी विसरणं शक्य नव्हतं. त्या हाताने माझं बोट हळूच सरकवलं, अक्षर वळवावं तसं. दिवा गेला. आणि कानाशी, घाबऱ्या आवाजात...

"मी नाही रे लावला."

मला म्हणायचं होतं, आत्या, मीच लावलाय, तुझ्यासाठी लावलाय. ती जिवंत असताना माफी मागितली नव्हती, तेव्हाही मागता आली नाही. सकाळी पाहिलं तर फ्यूज बोर्डावर नव्हता. माझ्या खणात होता. खणाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या उशाखाली. तेव्हापासून मी तो रोज बसवतो आणि रोज सकाळी खणातून काढतो.

तर तुमचं काम एवढंच. सगळी बटणं बंद करा आणि मीटरचा ठिपका बघा. लुकलुकला तर वायरमनला बोलवा. आईंना काही बोलू नका. उलट आज त्यांच्या खोलीत तुम्ही स्वतः दिवा लावा.

आता हे माझं ह्या महिन्याचं बिल. वाचा ना. घरात तीन माणसं. फ्रिज, पंखे, गीझर, सगळं चालू. आणि युनिट शून्य. मीटर दोनदा बदलून झाला. लोक म्हणतात, मास्तर, नशीब काढलंत.

सहा वाजत आले, निघा तुम्ही. नाही, दिव्याचं बटण राहू द्या, त्याला हात लावू नका...

बघितलंत? लावलात आणि लगेच गेला. मी जागचा हललोही नाही. जिन्यापर्यंत भिंत धरून जा. आणि वाटेत हाताला गार हात लागला, तर झटकू नका. मला अजून तिच्याशी बोलता येत नाही. तुम्ही तरी तिला सांगा, की तिने नव्हता लावला.