खिसेवालीचं दुकान

दुकान उघडून पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि तिने अख्ख्या गल्लीची वीज घालवली.

शिलाई मशिनची पिन बोर्डात खोचली, बटण दाबलं, आणि भिंतीत कुठेतरी ‘फट्’ असा आवाज झाला. तिचा दिवा गेला. शेजारच्या न्हाव्याचं यंत्र गिऱ्हाइकाच्या अर्ध्या डोक्यावर थांबलं. बेकरीतल्या बाईंचा पंखा थांबला. मग सगळेजण आपापल्या दारात येऊन या नव्या बाईकडे असे बघायला लागले, की पायाखालची जमीन दुभंगली तर बरं असं तिला वाटलं.

कोपऱ्यावरून एक उंच माणूस खांद्यावर शिडी घेऊन आला.

“कुणी केला हा पराक्रम?”

“मी,” ती म्हणाली. “आजच दुकान उघडलंय.”

“अस्सं! स्वतःचं उघडलंत आणि बाकीच्यांची बंद केलीत.”

तो वायरमन होता. हसू ओठांत दाबत तो बोर्डापाशी उकिडवा बसला, आणि त्याच्या खिशातून पाच-सात स्क्रू घरंगळत तिच्या पायाशी आले.

“खिसा फाटलाय तुमचा.”

“तो कायमच फाटलेला असतो. खिळे, स्क्रू, पक्कड... कुठलं कापड टिकणार?”

“टिकेल. मी शिवला तर!”

त्याने मान वर करून पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “बरं... मग शिवा.”

“द्या.”

“म्हणजे... आत्ता? इथे?” त्याचे कान लाल झाले.

“उद्या आणा,” ती म्हणाली. तिचेही कान काही थंड नव्हते. “पँट आणा. दुसरी घालून.”

न्हावी खो-खो हसला, दिवे आले, आणि तिला पहिलं गिऱ्हाईक मिळालं.

दुकान कसलं, आठ बाय दहाची खोली. आधी तिथे किल्ल्या बनवणारा बसायचा, त्याचे खिळे अजून भिंतीत होते. त्या खिळ्यांवर आता दोऱ्याची रिळं लटकत होती. काम एकच. खिसे! नसलेले लावून द्यायचे, फाटलेले नीट करायचे, नावापुरते असलेले खोल करायचे. कपड्यांच्या कारखान्यात सहा वर्षं तिने खिसेच शिवले होते. पुरुषांच्या पँटला चार-चार खोल खिसे, आणि बायकांच्या कपड्यांना मात्र वरून शिवून टाकलेली नुसती पट्टी. एकदा तिने सुपरवायझरला विचारलं, असं का? तो म्हणाला, “बायकांकडे खिशात ठेवण्यासारखं असतं काय?”

ते वाक्य तिच्या डोक्यात गेलं ते गेलंच. तिने नोकरी सोडली. सुपरवायझरने मोठ्या मनाचा आव आणून तिची जागा तीन महिने राखून ठेवली. “तीन महिन्यांनी सोमवारी सकाळी मुकाट्याने येशील,” तो म्हणाला होता. तसं गेलं तर मान खाली घालून जायचं, आणि जन्मभर त्याच पट्ट्या शिवायच्या, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

ती आणि ताई दोन खोल्यांत राहायच्या. ताईही त्याच कारखान्यात होती, बटणांच्या विभागात. धाकटीला तिने लहानाची मोठी केलेली, त्यामुळे बोलायचा हक्क तिचाच. “दुकान म्हणजे काय भातुकली आहे?” ती रोज विचारायची, आणि रोज डबा मात्र दोघींचा भरायची.

वायरमन दुसऱ्या दिवशी खरोखरच पँट घेऊन आला. तिने जाड अस्तर लावलं, दुहेरी टीप मारली, कोपऱ्यांत चार-चार टाके जास्तीचे घातले. तो घेऊन गेला आणि तीन आठवडे फिरकलाच नाही. ती त्याची वाट पाहत होती असं मुळीच नाही. फक्त शिडी घेऊन कुणी गेलं की तिची मान आपोआप वळायची, इतकंच.

मग एका दुपारी बाहेर बारीक भुरभुर चालू असताना तो दारात उभा राहिला. केसांवर पाण्याचे बारीक थेंब, हातात पँट.

“फाटला?” तिने विचारलं.

“काय सांगू... काम फार अवजड असतं.”

“माझी टीप फाटली?”

“टीप नाही... बाजूचं कापड.”

आठवड्याने दुसरी पँट आली, त्यानंतर तिसरी. तिसरी उजेडात धरली आणि तिला हसू आवरेना. खिसा फाटतो तो तळाच्या कोपऱ्यात, नाहीतर हात घालायच्या तोंडाशी. आणि फाटला की दोरे लोंबतात. हा मधोमध, पट्टी ठेवून कापल्यासारखा सरळ चिरला होता. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ते तरी नीट लपवावं की नाही! कारखान्यात सहा वर्षं काढलेल्या बाईला हा माणूस कापलेलं कापड फाटलेलं म्हणून दाखवत होता.

ती काही बोलली नाही. बोलली असती तर तो यायचा थांबला असता. तिने टीप तिहेरी केली, त्यानेही बहुधा चाकूला धार लावून घेतली. शिलाई मात्र ती दर वेळी पुरेपूर घ्यायची. प्रेम आपल्या जागी, दर आपल्या जागी.

“तुमचं दुकान कसं चाललंय?” तो विचारायचा.

“तुमच्या पँटी आहेत तोवर बरं चालेल.”

“मग काळजी नको... मी दणकट माणूस आहे.”

असं बोलून तो उगाचच बोर्डाचे स्क्रू घट्ट करून जायचा. ते घट्टच असायचे.

तीन महिने संपायला एकच आठवडा राहिला होता, तेव्हा जवळच्या रुग्णालयातल्या मोठ्या सिस्टर दुकानात आल्या. टेबलावर त्यांनी एक पांढरा कोट टाकला. “हे बघ. पेशंटवर वाकलं, की खिशातलं सगळं त्याच्या अंगावर. परवा थर्मामीटर फुटला. साठ जणी आहोत आम्ही. शनिवारी एक कोट करून आण. पटला तर साठही तुझे.”

साठ कोट! एवढं काम मिळालं तर दुकान तरणार होतं. नाही मिळालं तर सोमवारी कारखान्याचं फाटक. ती चार दिवस त्या एका कोटापाशी बसली. खिशाचं तोंड तिने तिरकं केलं, आतून जिभेसारखी कापडाची झडप लावली. मग कोट भिंतीवर उलटा टांगून खिशात चमचे घातले. चमचे पडले. उसवलं, पुन्हा शिवलं, पुन्हा पडले. गुरुवारी संध्याकाळी एकही चमचा पडला नाही, आणि ती एकटीच दुकानात टाळ्या वाजवत नाचली.

तेवढ्यात ताई आली. खुर्चीवर वायरमनची पँट होती. ताईने ती सहज उचलली, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हा खिसा फाटलेला नाही. कापलाय कुणीतरी.”

“माहितेय मला.”

“माहितेय? आणि हसतेस काय! न्हाव्याला तुझ्याकडे कुणी पाठवलं? बेकरीवाल्या बाईंना?”

“...वायरमनने.”

“आणि त्या रुग्णालयातली विजेची कामं कोण करतं?” ताईचा आवाज खाली आला. “रागावू नकोस गं. पण तुझं दुकान चालत नाहीये. कुणीतरी ते चालवतंय.”

ताई गेली, पण ते वाक्य मागे राहिलं. इतके दिवस ज्या चिरांवर ती मनातल्या मनात लाजत होती, त्याच आता टोचायला लागल्या. तिला कीव नको होती. कुणाच्या मेहेरबानीवरच जगायचं, तर कारखाना काय वाईट होता?

शुक्रवारी तो आला. तिने पँट त्याच्यासमोर ठेवली.

“कशाने कापलात?”

तो खाली बघत म्हणाला, “वायर सोलायच्या चाकूने.”

“मला दया नकोय कुणाची.”

“दया? अहो, दया कसली—”

“सिस्टरनाही तुम्हीच पाठवलंत ना?”

“नाही.”

“खोटं!”

एकदा खोटं पकडलं गेलं, की माणसाचं खरंही कुणाला पटत नाही. त्याला ते कळलं असावं. त्याने पँटची घडी घातली. “उद्या मी तिथेच असेन, कामाला. पण समोर येणार नाही. ते तुमचं काम आहे... तुमचं एकटीचं.”

तो गेला. तिने दार लावून घेतलं आणि मशिनवर डोकं टेकून रडली. राग त्याचा होता, की तो गेल्याचा, हे तिलाच सांगता आलं नसतं.

शनिवारी वॉर्डाबाहेरच्या खोलीत दहा-बारा परिचारिका कोंडाळं करून उभ्या होत्या. मोठ्या सिस्टरनी कोट चढवला. खिशात कात्री, दोन पेनं, थर्मामीटर, किल्ल्या आणि पट्टीचं भेंडोळं भरलं, आणि त्या टेबलावर वाकल्या. काही पडलं नाही. आणखी वाकल्या. नाही. मागून एक तरुण परिचारिका ओरडली, “उडी मारा, सिस्टर!”

मोठ्या सिस्टर नाकावर माशी बसू देणाऱ्या नव्हेत. त्यांनी त्या पोरीकडे एकदा रोखून पाहिलं... आणि खरंच उडी मारली. मग दुसरी, मग तिसरी. किल्ल्या आतल्या आत खुळखुळल्या, बाहेर मात्र काही आलं नाही. टाळ्यांनी खोली दणाणली.

“साठ!” सिस्टर धापा टाकत म्हणाल्या. “पंधरा दिवसांत पाहिजेत.”

तिचे डोळे भरून आले. पण डोळे पुसून ती म्हणाली, “आधी एक सांगा. माझ्या दुकानाचं तुम्हाला कुणी सुचवलं?”

उत्तर ‘वायरमन’ असं आलं असतं, तर ती साठ कोट तिथेच सोडून चालू लागणार होती. शुद्ध वेडेपणा, पण तिने ठरवलं होतं.

“सुचवतंय कोण? बसथांब्यावर एक बाई उभी होती. दोन्ही हात खिशात, मान ताठ, जसा काही रस्ता तिच्याच मालकीचा. मी विचारलं, बाई, हा ड्रेस कुठला? तिने तुझा पत्ता दिला.”

“आणि... वायरमन?”

“त्याला विचारलं होतं मी. म्हटलं, ‘तुझ्या गल्लीतलंच दुकान आहे, काम कसं आहे?’ तर म्हणतो, ‘सिस्टर, माझं मत धरू नका. मी त्या बाईंच्या प्रेमात आहे. तुम्ही स्वतः जाऊन टाके बघा.’”

दहा-बारा परिचारिकांनी एका सुरात “अय्या!” केलं. ती तिथून जी निघाली, ती जवळजवळ पळतच.

लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला तो शिडीवर होता, डोक्यावर दोन्ही हातांत ट्यूबलाइट धरून. तिने खालून शिडी पकडली.

“खाली या.”

तो दचकला. “येता येत नाही. ही सुटेल.”

“मग वरच राहा आणि ऐका. साठ कोट मिळाले.”

“टाळ्या ऐकल्या... मीही वाजवणार होतो, पण हात अडकलेत.”

“सिस्टरना काय सांगितलंत माझ्याबद्दल?”

“त्यांनी... तुम्हाला सांगितलं?”

“सगळ्यांसमोर.”

“अरे देवा!”

“खिसे का कापलेत?”

“मग काय करू?” तो कळवळून म्हणाला. “तुम्ही म्हणालात टिकेल, आणि तो टिकलाच की! तीन आठवडे मी त्यात खिळे भरले, पक्कड कोंबली, हातोडीसुद्धा घालून पाहिली... फाटेल तर शपथ! तुमच्याकडे यायचं कसं? शेवटी चाकू घेतला.”

ती शिडीला धरून हसत सुटली. इतकी, की शिडी हलायला लागली. दोन दिवस जी गोष्ट तिला अपमान वाटत होती, ती तिच्या कामाला मिळालेली सगळ्यात मोठी पावती होती.

“हलवू नका... पडेन मी!”

“मला तिसऱ्या पँटलाच कळलं होतं,” ती म्हणाली. “मी मुद्दाम बोलले नाही.”

“का?”

“तुम्ही यायचे थांबला असतात, म्हणून. मलाही तुम्ही आवडता. खूप. झालं... सांगितलं!”

ट्यूबलाइट हातातून निसटता निसटता वाचली. त्याने ती कशीबशी बसवली, फिरवली, आणि ती लागली. पांढऱ्या उजेडात त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो शिडीवरून उतरला तो पायऱ्या न मोजता, आणि शेवटच्या दोन तर त्याने गाळल्याच.

सोमवारी सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला, तेव्हा ती साठांपैकी तिसरा कोट कापत होती. समोर, भाड्याने आणलेल्या दुसऱ्या मशिनवर ताई.

“सुपरवायझरला सांगून आले,” ताई दोरा ओवत म्हणाली, “आमच्या दोघींच्याही जागा भरून टाका. आणि तू माझ्याकडे अशी बघू नकोस. चुकलं माझं. एवढं शिवण बघितल्यावर कळायला हवं होतं.”

तेवढ्यात दारात सावली पडली. वायरमन उभा होता. खांद्यावर शिडी नाही, हातात पँट नाही. रिकाम्या हातांचं काय करावं हे न सुचून त्याने ते पाठीमागे नेले. न्हावी वस्तरा थांबवून कान देऊन होता.

“काय फाटलं?” तिने विचारलं.

“काही नाही.”

“बोर्डाचं काम?”

“तेही नाही. तुम्हाला बघायला आलोय.” हे त्याने गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.

ताईने मशिन जोरात चालवायला घेतलं, आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवायला. धाकटी उठली, आणि खुर्चीवरचे कापलेले कोट उचलून तिने त्याच्यासाठी जागा केली.