मागून आलेली हाक

त्याला घरात सगळे दादा म्हणत. मावशीचा मुलगा म्हणे, शेजारचे म्हणत, आई-वडीलसुद्धा म्हणत. परदेशी शिकायला आल्यावर मावसभाऊ वर्षभराने त्याच्या मागोमाग तिथेच आला, आणि वसतिगृहाच्या जिन्यातून, स्वयंपाकघरातून दिवसभर ‘दादा, दादा’ सुरू झालं. त्यामुळे तिथल्या पोरांना वाटलं की ह्याचं नावच दादा आहे. ती पोरंही त्याला दादा म्हणू लागली. दादाला ते मनातून आवडायचं.

मावसभावाला मात्र त्याने लहानपणीच शेपूट असं नाव ठेवलं होतं, कारण तो कायम मागे मागे. शाळेत जातानाही तो वाटेत थांबायचा आणि हाक मारायचा, “दादा, थांब ना, नाडी सुटली.” त्याला बुटाची गाठ कधी धड मारता आली नाही. दादा चरफडत मागे जायचा, गुडघ्यावर बसायचा आणि करकचून गाठ मारून द्यायचा. त्याला सोडायला आलेल्या मावशीने विमानतळावरून दादाला फोन लावून एवढंच सांगितलं होतं, “बाळा, तो मागे राहतो रे. वळून बघत जा.”

तर ही ज्वालामुखीची टूम सुट्टीत निघाली. दादाच्या वर्गातला एक लंबूटांग पोरगा आणि वैद्यकीच्या वर्गातली एक मुलगी, जिला सगळे डॉक्टरीण म्हणत, अशा दोघांनी बेत आखला. शहराच्या कुठल्याही रस्त्याच्या टोकाला तो डोंगर दिसायचा, डोक्यावर धुराची पांढरी चिंधी घेऊन. “तुला झेपेल का?” असं डॉक्टरिणीने विचारलं आणि दादाने नको तेवढी फुशारकी मारली. आपण लहानपणापासून डोंगरच चढत आलो, हा तर काय, सकाळचा फेरफटका, वगैरे. शेपूट बाजूला बसून अंडी सोलत होता. दादा जन्मात टेकडीपलीकडे काही चढलेला नव्हता हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो अंडीच सोलत राहिला.

पायथ्याच्या लाकडी चौकीत गाईडबाईंनी प्रत्येकाच्या गळ्यात एकेक पत्र्याची शिट्टी अडकवली. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या बाई. त्यांनी मोजकं सांगितलं. वर ढग उतरतो. ढगात मागचा माणूस दिसेनासा झाला की जागच्या जागी थांबायचं आणि शिट्टी वाजवायची. त्याची शिट्टी उलट आली की मगच पाऊल उचलायचं. एकाची शिट्टी वाजली की सगळी रांग थांबते, त्यात लाजायचं काही नाही.

“आणि नुसती हाक आली तर?” लंबूने हसत विचारलं.

“शिट्टी वाजवायची,” बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

“मी शेवटी राहतो,” दादा म्हणाला. “भावाला सांभाळून आणतो.” सगळ्यांना ते फार प्रेमळ वाटलं. खरं म्हणजे शेवटच्या माणसाचं धापा टाकणं कुणाला दिसत नाही, एवढाच त्याचा हिशेब होता.

राखेतली चढण वाईट असते. दोन पावलं वर टाकावीत तर एक पाऊल आपोआप खाली घसरतं. थोड्याच वेळात दादाच्या छातीचा भाता झाला. कानशिलं ठणकायला लागली. तो वर ओरडायचा, “जरा थांबा, माझा भाऊ दमलाय!” रांग थांबायची, डॉक्टरीण वळून बघायची, आणि शेपूट, जो मुळीच दमलेला नसायचा, चटकन खाली बसून म्हणायचा, “हो हो, मीच दमलोय. सॉरी.” असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा शेपटाने आपली पाण्याची बाटली गुपचूप दादाच्या हातात दिली. ते घेताना दादाला त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही. लाज वाटली की माणूस मऊ होतो म्हणतात, पण दादाला उलट रागच आला. ह्याला कशाला कळायला हवं होतं?

शेवटच्या टप्प्यावर वाट काळ्या दगडांच्या दोन उभ्या भिंतींमधून जात होती. जेमतेम एका माणसापुरती. शेपूट सवयीप्रमाणे आता दादाच्याही मागे पडला होता. तिथे ढग उतरला. भर दुपार होती, पण समोर, मागे, वर सगळीकडे नुसता दुधाळ उजेड. जळक्या काडीसारखा वास नाकात बसला. पायाखालची राख कोमट लागत होती, आणि खोल कुठेतरी जड कपाट सरकवल्यासारखा आवाज होत होता, थांबत होता, पुन्हा होत होता.

मागून हाक आली.

“दादा, थांब ना. नाडी सुटली.”

दादाने ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. त्याचं पाऊल अडखळलंही. पण आता थांबलो तर पाय पुन्हा उचलणार नाहीत, हे त्याला कळत होतं. शिट्टी वाजवावी तर वरची रांग थांबणार, सगळे खाली येणार आणि चार पावलांवर शिखर असताना दादा भिंतीला टेकून कुत्र्यासारखा धापा टाकतोय हे सगळ्यांना दिसणार. तेवढ्यात वरून लंबूचं हसू ऐकू आलं, “दादा! पोचलो रे आम्ही! कुठे राहिलास?”

त्याने टोपी कानांवरून खाली ओढली.

“दादा... थांब ना रे...”

येईल की. लहान आहे का आता? दर वेळी आपणच का वळायचं?

मग एकदाच, बऱ्याच खालून, नुसतं विचारल्यासारखं, “दादा?”

त्यानंतर काही आलं नाही. दादा चढत राहिला.

वाट संपली आणि कडा आला. समोर प्रचंड खड्डा, त्यातून उसळणारी वाफ. ‘येतोय मागून’ हे वाक्य दादाने जिभेवर तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं, कारण कड्यावर पाय सोडून शेपूट बसला होता.

“किती वेळ लावलास,” शेपूट म्हणाला.

दादाच्या जिवात जीव आला. मग त्याने मागच्या वाटेकडे पाहिलं. दोन भिंती, मध्ये एका माणसाची जागा. “तू... तू पुढे कधी गेलास?”

“तू खाली बघून चालत होतास.”

गाईडबाईंनी माणसं मोजली. चारही होती. डॉक्टरिणीने फोटो काढायला सगळ्यांना एकत्र उभं केलं. गारठ्याने दातावर दात आपटत होते. दादाने शेपटाच्या खांद्यावर हात टाकला आणि पटकन काढला. खांदा गरम होता. तापाने असतो तसा नव्हे, पायाखालच्या राखेसारखा. त्याचं लक्ष शेपटाच्या बुटांकडे गेलं. दोन्ही नाड्या करकचून बांधलेल्या होत्या. लहानपणापासून दादा मारायचा तश्शीच गाठ.

उतरताना बाई पुढे, मग डॉक्टरीण, लंबू, शेपूट, आणि दादा शेवटी. ढग तसाच होता. त्या भिंतींमध्ये शिरल्यावर डॉक्टरीण थांबली.

“कुणी ओरडलं का?”

सगळ्यांनी कान दिला. भिंतीपलीकडून, बाजूच्या उतारावरून, जिथे वाट नव्हतीच तिथून, बारीक आवाज आला. दमलेला. रडून थकलेल्या पोरासारखा.

“दादा... थांब ना...”

“दादा म्हणतंय,” डॉक्टरीण पुटपुटली. “पुढचं मला कळत नाही. तुमची भाषा आहे का ही?”

दादाने शेपटाकडे पाहिलं. शेपूट त्याच्यासमोर उभा होता, तोंड मिटून. आवाज त्याचा होता आणि तो बोलत नव्हता.

गाईडबाईंनी वळून, मधल्यांच्या डोक्यांवरून, थेट दादाला विचारलं. “वर येताना तुमच्या मागे कुणी राहिलं होतं का? हाक आली होती का? नीट आठवून सांगा. आली असेल तर मला आत्ता त्या बाजूच्या उतारावर उतरायला हवं.”

चौघांचे डोळे दादावर होते. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. पण हो म्हणजे, हाक आली होती. हो म्हणजे, माझ्या भावाने मला तीनदा हाक मारली आणि मी टोपी कानावर ओढली. शिट्टी गळ्यात असून वाजवली नाही. ते डॉक्टरिणीसमोर, लंबूसमोर, त्या भावासमोर कसं सांगायचं? आणि भाऊ तर हा इथे आहे. चारजण गेलो, चारजण परत चाललोय. मग सांगायचं तरी काय?

“नाही,” दादा म्हणाला. “सगळे बरोबरच होतो.”

“वारा आहे,” शेपूट म्हणाला. “चला.”

बाईंनी ओठांपर्यंत नेलेली शिट्टी खाली सोडली, पुन्हा माणसं मोजली आणि चालू लागल्या. एकेक जण वळणाआड गेला. मागे राहिलेल्या दादाला तेव्हा शिट्टी ऐकू आली. फुंकायलाही दम उरला नसल्यासारखी, फुसफुसत. त्याने पुढे चाललेल्या शेपटाच्या मानेकडे पाहिलं. तिथे शिट्टीची दोरी नव्हती.

दादा थांबला नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण थांबला नाही.

संध्याकाळी खोलीवर मावशीचा फोन आला. नेहमीसारखाच, जेवणाआधी. दादाने कसंबसं दोन वाक्यं सांगितली, छान झालं, दमलो. मग ती म्हणाली, “त्याला दे ना.” शेपटाने फोन घेतला आणि खिडकीशी जाऊन बोलत बसला. चांगला बराच वेळ. हो आई, नाही आई, जेवतो आता, हो, दादा होता ना बरोबर. मध्येच हसलासुद्धा. दादा पलंगावर बसून त्याची पाठ बघत होता आणि स्वतःला समजावत होता की हसतोय, बोलतोय, आईशी बोलतोय, म्हणजे तोच आहे. दुसरा कोण असणार? उंचावर माणसाचे कान वाजतात, डॉक्टरीणच म्हणाली होती. हळूहळू त्याच्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं.

शेपटाने फोन परत दिला आणि समोरच्या पलंगावर बसून बूट काढायला घेतले. फोन हाताला गरम लागत होता.

“झालं का मावशी बोलून?”

“कुठलं बोलून?” मावशी म्हणाली. “तू देतो म्हणालास तेव्हापासून कानाला लावून बसलेय. तो काही येतच नाहीये फोनवर. नुसता वारा ऐकू येतोय केवढा.”

दादाने फोन कानावर घट्ट दाबला.

“आणि लांबून त्याचा आवाज येतोय. तुलाच हाका मारतोय. दादा, थांब ना, म्हणून. नेहमीसारखा मागे राहिलाय का रे?” ती क्षणभर थांबली. “बाळा... तुम्ही अजून डोंगरावरच आहात का?”

समोर शेपटाची बोटं नाडीच्या गाठीवर होती. गाठ सुटत नव्हती. तो सोडवायचा प्रयत्नही करत नव्हता, नुसती बोटं ठेवून ऐकत बसला होता.

सांगता आलं असतं. अजूनही सांगता आलं असतं. पण ज्या बाईने आपल्या भरवशावर पोरगा एवढ्या लांब पाठवला, तिला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

“हो मावशी,” दादा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. “थांबलोय मी त्याच्यासाठी.”

“थांब हं. वळून बघ,” मावशी म्हणाली.

आणि तिच्या आवाजाच्या पाठीमागे, फोनमध्ये, फार लांब, एक शिट्टी वाजली. फुसफुसत, थांबत थांबत. ती दादाने ऐकली.

समोरच्या पलंगावर बसलेल्यानेही मान वर केली.